फुरशांच्या मुलखातला भादवा

सप्टेंबर लागला की लेस्टरमधल्या आमच्या घरात कोळी दिसायला लागतात. तसे ते वर्षभर घरातच असतात, रेडिएटरच्या मागे, जिन्याखालच्या कपाटात. पण या दिवसांत नरांना जोडीदारीण शोधायची घाई होते आणि ते भर दिवाणखान्यातून, टीव्हीसमोरून, पाहुण्यासारखे चालत जातात. तपकिरी, केसाळ, पाय पसरले तर तळहातभर. बाहेर सफरचंदं गवतात पडून आंबायला लागलेली असतात, शाळा नुकत्या उघडलेल्या असतात आणि हीटिंग एवढ्यात लावायचं की अजून एक स्वेटर घालायचा, यावर घरोघरी वाद चाललेला असतो.

परवा सकाळी वरून सईची किंकाळी आली.

"आई! बाथमध्ये ह्यूज स्पायडर बसली आहे! माझा स्कूल लेट होणार, प्लीज ये ना!"

सई माझी मुलगी, चौदा वर्षांची. जन्म इथलाच, त्यामुळे तिच्या मराठीत स्त्रीलिंग-पुल्लिंग मनाला येईल तसं फिरतं. मी ग्लास आणि वाढदिवसाचं एक जुनं कार्ड घेऊन वर गेले. टबाच्या गुळगुळीत भिंतीवरून तो कोळी पुन्हा पुन्हा घसरत होता. त्याच्यावर ग्लास उपडा ठेवला, खालून कार्ड सरकवलं आणि खिडकीतून त्याला वेलीवर सोडून दिलं. सई दाराआडून बघत होती.

"तुला काहीच नाही वाटत? लाईक, भीती?"

"नाही."

"कधीच नव्हता?"

या प्रश्नाला मला हसू आलं. मी टबाच्या काठावर बसले आणि म्हटलं, "सई, तुझ्या आईएवढी भित्री बाई देवगड तालुक्यात नव्हती."

आमच्या गल्लीत मी कोळी पकडणारी बाई म्हणून प्रसिद्ध आहे. दोन घरं सोडून जेनेट राहते, शाळेतून रिटायर झालेली. ती ड्रेसिंग गाऊनमध्येच दार वाजवते. "मी डक, तो परत आलाय," असं तिच्या इंग्रजीत सांगते. लेस्टरची जुनी माणसं लाडानं कोणालाही 'मी डक', म्हणजे 'माझ्या बदका', म्हणतात. मी जाते, तिच्या सिंकमधला कोळी उचलते, ती चहा ठेवते. एकदा तिनं विचारलं, "हे तू कुठे शिकलीस?" मी म्हटलं, "वाळवंटात." तिला ती गंमत वाटली.

गंमत नव्हती. माझ्या आयुष्यात एक भादवा असा होता, की त्यात मी एक माणूस म्हणून शिरले आणि दुसरंच माणूस होऊन बाहेर आले. दर सप्टेंबरात, इथल्या ओल्या गवताच्या वासात, मला तो कोरडा, तापलेल्या दगडाचा वास येतो.

मी देवगडकडची. फुरसं हा शब्द आमच्याकडे पोर चालायला लागलं की कानावर पडतो. आंब्याच्या बागेत, कातळावर, दगडाच्या कपारीत वीतभर-दीडवीत लांबीचं ते वेटोळं पडलेलं असतं, आणि रंग असा की पाय पडेपर्यंत दिसत नाही. लहानपणी मी शेजारच्या एका माणसाचा फुरशानं काळानिळा पडलेला पाय पाहिला होता. तो माणूस वाचला, पण मी त्यानंतर कातळावर जाणंच सोडलं. पुढे कोल्हापुरात लॅबचा कोर्स केला, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासायची नोकरी धरली, आणि जमीन पायाला लागणार नाही अशा फरशीवर आयुष्य जाणार म्हणून निर्धास्त झाले.

मग श्रीकांतशी लग्न झालं. तो पवनचक्क्यांच्या देखभालीचा इंजिनिअर, आणि त्याच्या पवनचक्क्या जैसलमेरच्याही पलीकडे, पाकिस्तानच्या बाजूला. मी आनंदानं तयार झाले. वाळवंटात काय असणार? वाळू! झाड नाही, पालापाचोळा नाही, ओल नाही, म्हणजे साप नाही, असं माझं साधं गणित होतं.

गावाच्या अगदी टोकाला पिवळ्या दगडाचं दोन खोल्यांचं घर होतं. छत दगडी पट्ट्यांचं. अंगणात पावसाचं पाणी साठवायचं जमिनीतलं टाकं, आणि कुंपणापाशी एकच खेजडी, म्हणजे आपली शमी. त्या अंगणापलीकडे काहीच नव्हतं. क्षितिजापर्यंत जमीन आणि तिच्यावर सावकाश फिरणाऱ्या पांढऱ्या पवनचक्क्या. घरमालकीण शेजारीच राहायची. सगळं गाव तिला धापू माँ म्हणायचं. साठीची, उंच, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, आणि आवाज असा की उंटानंही वळून बघावं.

पहिल्याच आठवड्यात मी भांडी पुसायचं फडकं उचललं आणि त्यातून विंचू पडला. पिवळट, जवळजवळ पारदर्शक, नांगी वर धरलेला. मी स्वयंपाकाच्या ओट्यावर चढून बसले आणि संध्याकाळी श्रीकांत येईपर्यंत खाली उतरले नाही. दुसऱ्या दिवशी गच्चीवर गेले, कारण फोनला रेंज फक्त तिथे यायची, आणि आईला रडत रडत सगळं सांगितलं. आई म्हणाली, "परत ये." मी म्हटलं, "येते." बॅग भरायलासुद्धा घेतली. तर बॅगेच्या तळाशी दुसरा विंचू.

माझी किंकाळी ऐकून धापू माँ धावत आली. तिनं चिमट्यानं तो उचलला, कुंपणापलीकडे भिरकावला आणि माझ्याकडे बघत तिच्या मारवाडी हिंदीत म्हणाली, "यह भी रहता है, तू भी रह." मग माझी भरलेली बॅग बघून तिला हसू आवरेना. मलाही राग येता येता हसू आलं. त्या दिवशी मी गेले नाही. दुसऱ्या दिवशीही गेले नाही.

राहायचं ठरलं की अंगाला सवयी लागत जातात. चप्पल झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही. अंधाऱ्या कोपऱ्यात हात घालायच्या आधी काठी घालायची. अंथरूण भिंतीपासून लांब, आणि मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी गच्च खोचलेली, कारण धापू माँ म्हणायची की 'पीवणा' नावाचा साप झोपलेल्या माणसाच्या छातीवर बसून त्याचा श्वास पितो. श्रीकांत मला समजावायचा, "अगं, तो मण्यारीचाच एक प्रकार आहे. चावलेलं कळत नाही, म्हणून लोक म्हणतात श्वास प्यायला." मला दोन्ही कारणं सारखीच पटायची आणि मी मच्छरदाणी आणखी एकदा खोचायची.

मग एक जण होता, त्याला मी 'धावरा' नाव ठेवलं. कोळ्यासारखा दिसणारा, वाळूच्या रंगाचा, हातभर अंतर डोळ्याचं पातं लवायच्या आत कापणारा. एकदा दुपारी कपडे वाळत घालत होते आणि तो सरळ माझ्याकडे धावत आला. मी पळाले. तो मागे. मी खेजडीला वळसा घातला, त्यानंही घातला. धापू माँ पोट धरून हसत ओरडली, "अगं, थांब! त्याला तू नकोस, तुझी सावली हवी!" मी डोळे मिटून उभी राहिले. तो माझ्या सावलीत येऊन थांबला. उन्हानं बिचाऱ्याचा जीव चालला होता. एक बाई आणि एक धावरा, दोघं धापा टाकत उभे. मग मी हळूच एकेक पाऊल टाकत त्याला कुंपणाच्या सावलीपर्यंत पोचवून आले. वाळवंटातल्या प्राण्याशी माझा तो पहिला बरा व्यवहार.

श्रीकांतकडे कामाची एक जांभळ्या उजेडाची टॉर्च होती. पवनचक्कीत तेल कुठे गळतंय ते त्या उजेडात चमकून दिसतं. एका तिन्हीसांजेला तो म्हणाला, "ये, तुला एक दाखवतो," आणि त्यानं ती टॉर्च अंगणाच्या दगडी भिंतीवर धरली. भिंत हिरव्या ठिणग्यांनी भरून गेली. प्रत्येक ठिणगी म्हणजे एक विंचू. मी त्याचा दंड घट्ट धरला. पण मान वळवली नाही. ते सगळे आधीपासून तिथे होते, मी रोज त्या भिंतीला टेकून चहा प्यायले होते, आणि त्यांनी मला काही केलं नव्हतं. एवढं सुंदर हिरवं मी नंतर कुठेच पाहिलं नाही. इथे सई फोनवर नॉर्दर्न लाइट्सचे फोटो दाखवते तेव्हा मी म्हणते, "छान आहेत," आणि मनात ती भिंत बघते.

त्या वर्षी तिकडे पाऊस बरा झाला. भादव्यात वाळूवर गवत आलं, गवतात किडे, किड्यांमागे बेडूक आणि सरडे, आणि त्यांच्यामागे साप. रोज सकाळी अंगणाबाहेरच्या वाळूत तिरक्या, तुटक रेघा उमटलेल्या असायच्या, कोणीतरी बोटानं ओढल्यासारख्या. मी श्रीकांतला विचारलं, "हे काय?" त्यानं चपलेनं एक रेघ पुसली. मग म्हणाला, "तुमच्याकडचंच आहे. फुरसं." माझ्या गणिताचा असा निकाल लागला.

त्याच दिवसांत तो मला जीप शिकवत होता. गावाजवळ एक सपाट, कडक मातीचं मैदान होतं, तिथे मी गोल गोल फिरायची. आदळायला काही नसल्यामुळे मी बरी चालवायची. रस्त्यावर मात्र एकदाही नाही. "रस्त्यावर कधी?" असं त्यानं विचारलं की मी म्हणायची, "पुढच्या आठवड्यात."

तो पुढचा आठवडा एका सकाळी नाश्त्याच्या आधीच आला. श्रीकांत दाढी करून टाक्यापाशी पाणी काढायला गेला. टाक्याशेजारी जुन्या पाइपांचा ढीग पडला होता. मी चहा ठेवला होता. मला आधी आवाज आला, तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा, आणि मग श्रीकांतचा, अगदी शांत: "माधवी, बाहेर ये. घाई करू नकोस, पण ये."

तो अंगणातल्या ओट्यावर बसला होता. उजव्या पायाच्या घोट्याखाली दोन बारीक ठिपके. "फुरसं होतं," तो म्हणाला. "मी पाहिलं."

लहानपणीचा तो काळानिळा पाय माझ्या डोळ्यांसमोर आला. मला वाटलं होतं, असं काही झालं तर मी कोसळेन. मी कोसळले नाही. चहाखालचा गॅस बंद केला, हे मला नीट आठवतं. मग पोळपाटाशेजारची लांब लाकडी पट्टी घेतली, ओढणीनं त्याचा पाय तिला सैलसर बांधला, हलू नये म्हणून. ब्लेड लावलं नाही, दोरी आवळली नाही. तेवढं लॅबमध्ये राहून माहीत होतं.

तोवर माणसं जमली होती. ती त्याला उचलून गोगाजीच्या देवस्थानी न्यायला निघाली. सर्पदंशाचा देव तो. तिथे दोरा बांधतात, रात्रभर गातात. मी आडवी उभी राहिले. "इस्पितळात जायचं," मी म्हटलं. एक म्हातारा म्हणाला, "कंपनीची गाडी दुपारी येते. तोवर देवाकडे नेऊ." माझी नजर श्रीकांतच्या हनुवटीवर गेली. दाढी करताना कापलेलं इवलंसं ठिकाण, मघाशी सुकलेलं, पुन्हा वाहायला लागलं होतं. तो पुसत होता आणि ते थांबत नव्हतं. रक्ताची माझी रोजची ओळख. ते काय सांगत होतं ते मला कळलं: विषानं त्याचं गोठणं बंद पडत होतं.

"दुपारपर्यंत नाही थांबायचं," मी म्हटलं. "जीप मी चालवते."

मी धापू माँकडे वळले. ती मला अडवेल असं वाटलं होतं. तिनं आपल्या गळ्यातला लाल दोरा काढला, श्रीकांतच्या मनगटाला बांधला आणि म्हणाली, "देव इथे बांधला. आता चल." आणि घागरा सावरून जीपच्या मागच्या सीटवर चढली. श्रीकांतला आडवं केलं, त्याचा पाय तिनं मांडीवर धरला.

तो रस्ता मी अजून अख्खा सांगू शकते. डांबरी, एकेरी, आणि जागोजागी वाळूनं ओलांडलेला. पहिल्या वाळूत चाकं फिरायला लागली. मागून श्रीकांत म्हणाला, "ब्रेक नको. गिअर खाली घे. वेग धर." मी धरला. पुढे मध्येच उंट बसलेले. हॉर्न वाजवला, ते हलेनात, तेव्हा धापू माँनं खिडकीतून डोकं काढून अशी काही आरोळी ठोकली की ते उठून पळाले. समोरून ट्रक आला. मी एक बाजू वाळूत उतरवली आणि परत रस्त्यावर चढवली, आणि माझं मलाच कळलं की मी चौथ्या गिअरमध्ये आहे. धापू माँ सबंध रस्ताभर गोगाजीचं गाणं म्हणत होती. श्रीकांत बोलायचा थांबला की मी ओरडायची, "गिअर कोणता?" आणि तो सांगायचा. मला गिअर माहीत होता. मला त्याचा आवाज हवा होता.

जिल्ह्याच्या सरकारी इस्पितळात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं पाय बघितला, हिरड्या बघितल्या, त्याचं रक्त काचेच्या कोरड्या नळीत घेतलं आणि ती नळी टेबलावर उभी करून ठेवली. वीस मिनिटं तिला हात लावायचा नसतो. निरोगी रक्त तेवढ्यात गोठतं. तिनं मला बाहेर बसायला सांगितलं. मी म्हटलं, "मी लॅबचीच आहे. मला बघू द्या." वेळ झाल्यावर तिनं नळी तिरपी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं.

औषध सुरू झालं. डॉक्टरीण म्हणाली, "हे औषध दक्षिणेकडच्या सापांच्या विषावरून बनतं. इथल्या फुरशाला ते थोडं कमी लागू पडतं. जास्त द्यावं लागेल, कदाचित पुन्हा." काही तासांनी पुन्हा नळी. पुन्हा पाणी. पुन्हा औषध. श्रीकांतचा पाय गुडघ्यापर्यंत सुजला होता आणि तो मला म्हणत होता, "ट्रकला बाजू छान दिलीस." भीतीनं रक्त गोठतं असं आपण म्हणतो. मी त्या बाकावर बसून रक्त गोठावं म्हणून प्रार्थना करत होते.

ऊन उतरताना तिसरी नळी आली. डॉक्टरिणीनं ती माझ्याच हातात दिली. "तुम्हीच बघा."

मी ती हळूहळू आडवी केली. मग आणखी. मग पूर्ण उलटी केली. रक्त जागचं हललं नाही. नळीच्या तळाशी, गडद, घट्ट, जेलीसारखं, जिथल्या तिथे.

मी ओरडले. मराठीत ओरडले, "गोठलं! गोठलं!" धापू माँला शब्द कळला नसेल, पण तिनं मला उचललं. साठीच्या बाईनं, त्या वॉर्डमध्ये, सगळ्या रुग्णांदेखत मला जमिनीवरून उचललं.

आज मी लेस्टरच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त गोठण्याच्याच चाचण्या करते. सगळं मशिन करतं, आकडे पडद्यावर येतात, नळी तिरपी करून कोणी बघत नाही. पण नवीन मुलं शिकायला आली की मी त्यांना एकदा तरी ते साध्या काचेत करून दाखवते. नळी उलटी होते, रक्त पडत नाही, आणि ती मुलं नम्रपणे "ओ, नाइस," म्हणतात. श्रीकांतची नोकरी कॉव्हेंट्रीला निघाली म्हणून आम्ही इथे आलो, तेव्हा मी इथली ड्रायव्हिंग टेस्ट पहिल्या खेपेला पास झाले. परीक्षक म्हणाला, "तुम्ही फार शांतपणे चालवता." मी थँक यू म्हटलं. समोर ना उंट होता, ना वाळू.

सईला हे सगळं सांगेपर्यंत तिची बस गेली. मी तिला गाडीतून सोडायला निघाले. तिनं सीटबेल्ट लावला, दप्तर मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "आणि मग तुम्ही निघून आला ना तिथून? ऑब्व्हियसली."

नाही. ते सांगायचं राहिलंच.

श्रीकांतला इस्पितळातून सोडलं तेव्हा कंपनीचे साहेब तिथे आले होते. म्हणाले, शहरात क्वार्टर देतो, पक्कं, तिसऱ्या मजल्यावर. आईचा फोन आला, "आता तरी ये." श्रीकांत काठीवर भार देऊन उभा होता. तो म्हणाला, "तू ठरव. मला दोन्ही चालेल." मी साहेबांना म्हटलं, "क्वार्टर नको. आमचं घर आहे." का म्हटलं, ते तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं. आता येतं. त्या घरात मी जितकी घाबरले होते, तितकीच तिथे मी जिंकलेही होते, आणि जिंकलेली जागा कोणी सोडून जातं का?

घरी परत मीच गाडी चालवत गेले. गावाबाहेर बायका उभ्या होत्या. धापू माँनं खिडकीतून बाहेर वाकून सगळ्यांना ओरडून सांगितलं, "मेरी बेटी लाई है!" कोणाला आणलंय ते सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उंच बूट घातले, लांब दांड्याचं फावडं घेतलं आणि टाक्यापाशी गेले. श्रीकांत ओट्यावरून म्हणाला, "माणूस बोलावू." मी म्हटलं, "मीच करते." एकेक पाइप लांबूनच ओढून बाजूला केला. शेवटच्या पाइपाखाली ते होतं. दीड वीत, वाळूच्या रंगाचं, पाठीवर फिकी नक्षी. माझ्याकडे बघत त्यानं अंगाची वेटोळी एकमेकांवर घासली आणि तोच तव्यावरच्या पाण्याचा आवाज केला. लहानपणापासून ज्याला घाबरले, ते मी पहिल्यांदा नीट पाहिलं. केवढंसं होतं. तेही घाबरलेलं होतं.

"मारू नकोस," धापू माँ कुंपणाआडून म्हणाली.

"नाही मारत," मी म्हटलं, आणि दोन पावलं मागे होऊन त्याला वाट दिली. ते थोडा वेळ थांबलं, मग अंग उचलत, तिरकं तिरकं, वाळूत त्या तुटक रेघा काढत उघड्या माळाकडे निघून गेलं. मी ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहिले. मग केरसुणी घेतली आणि माझं अंगण कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत झाडून काढलं.